११८ च्या पुढे टेबल कुठवर जाते? जड अणूतले इलेक्ट्रॉन आणि रिकामी नसलेली जागा

मूर्तिजापूर_लाईन

नमस्कार मंडळी. दारव्हा आणि दिग्रसच्या मधातल्या एका गावात ज्युनियर कॉलेजला मी केमिस्ट्री शिकवतो, आणि फिजिक्सचे सर रजेवर असले की तेही. बुधवारी अकरावीला आवर्त सारणीचा तक्ता टांगला. तक्ता जुना, ११२ पर्यंतच छापलेला, पुढची सहा नावं मी स्केचपेननं लिहिली आहेत, निहोनियमपासून ओगॅनेसनपर्यंत. मी म्हटलं ११८ ला सातवी ओळ पूर्ण झाली, यातली चार नावं तर २०१६ च्या नोव्हेंबरात पक्की झाली. तर मागच्या बाकावरची एक पोरगी उठली अन् म्हणते, "सर, ओळ पुरी झाली म्हंजे टेबल संपलं का? का अजून पुढं जाते?"

मी ठरलेलं उत्तर दिलं, की केंद्रकात प्रोटॉन वाढले की ते एकमेकाले ढकलतात, केंद्रक टिकत नाही. ती काही बसली नाही. म्हणे, "ते केंद्रकाचं झालं सर. इलेक्ट्रॉनले काही लिमिट आहे का?"

खरं सांगतो, बारा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मले कोणी विचारला नव्हता. त्या रात्री जेवण झाल्यावर दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. जेवढं समजलं तेवढं लिहितो, चुकलं तर सांगा.

अणूत सगळ्यात आतला जो १एस इलेक्ट्रॉन असतो त्याचा वेग ढोबळमानानं अणुक्रमांक भागिले १३७ इतका, प्रकाशाच्या वेगाच्या पटीत. म्हणजे हायड्रोजनमधे प्रकाशाच्या १३७ व्या भागाइतका, तिथं आईन्स्टाईनची गरज फारशी पडत नाही. पण सोनं ७९ वं, म्हणजे ०.५८ पट. शिसं ८२, म्हणजे ०.६ पट. आणि ओगॅनेसनमधे ०.८६ पट, तिथं इलेक्ट्रॉन जवळपास दुप्पट जड झाल्यासारखा वागतो. वजन वाढलं की कक्षा आवळते. इथपर्यंत गाडी बरोबर आली.

अडलं ते पुढं. सगळीकडे लिहिलेलं दिसते की यावर अजून एक दुरुस्ती करावी लागते, क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्सची, क्यूईडीची, आणि जितका अणू जड तितकी ती मोठी. ती नेमकी काय आहे हे मले सोमवारी त्या पोरीले सांगायचं आहे, अन् समीकरणं न मांडता सांगायचं आहे. कोणी मदत करा.

खामगावची_चांदी

सर, प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही पण तुमचं वाचून एक विचारावंसं वाटलं. आमच्या घरी तीन पिढ्या चांदीचं काम आहे. लहानपणी मी बाबांना विचारायची की चांदी पांढरी अन् सोनं पिवळं असं का, तर ते म्हणायचे ज्याचा त्याचा गुण. कसोटीच्या काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढली की ती पिवळी उमटते, बाजूला चांदीची ओढली तर पांढरी. कॉलेजात शिकले तेव्हा कळलं दोन्ही एकाच उभ्या रांगेत, बाहेरचा इलेक्ट्रॉन दोघांचाही एकच. मग रंग का वेगळा? हे पण त्या वेगामुळेच का?

वरुडची_संत्री

ताई, हो, अगदी त्यामुळेच. मी पीएचडीला जड अणूंच्या याच कॅल्क्युलेशनवर पाच वर्षं घालवली, त्यामुळे हा धागा बघून हातातलं काम बाजूला ठेवलं.

धातूवर प्रकाश पडला की आतल्या डी कक्षेतला इलेक्ट्रॉन उडी मारून वरच्या एस पट्ट्यात जाऊ शकतो, त्याला जेवढी ऊर्जा लागते तेवढा रंग धातू गिळतो. चांदीत ही उडी सुमारे ३.८ इलेक्ट्रॉन व्होल्टची (हे अणूतली ऊर्जा मोजायचं माप) आहे, ते अल्ट्राव्हायोलेटमधे जातं, डोळ्याला दिसणारा प्रकाश सगळाच्या सगळा परत येतो म्हणून चांदी पांढरी. सोन्यात ६एस कक्षा सापेक्षतेमुळे आवळून खाली येते, ५डी मात्र थोडी सैल होऊन वर सरकते, मधलं अंतर घटून २.४ च्या आसपास येतं, तिथं निळा प्रकाश गिळला जातो आणि उरतो तो पिवळा. सापेक्षता नसती तर तुमच्या दगडावर दोन्ही रेघा पांढऱ्याच उमटल्या असत्या.

पारा पातळ का, यालाही हेच कारण. त्याची ६एस जोडी इतकी आत ओढलेली की शेजारच्या अणूशी धड हात मिळवत नाही. २०१३ मधे कॅल्क्युलेशननं दाखवलं की सापेक्षता काढून टाकली तर पाऱ्याचा वितळणबिंदू शंभर डिग्रीहून जास्त वर जातो, म्हणजे पारा आपल्या उन्हाळ्यातही घट्टच राहिला असता.

सर, क्यूईडीवर रात्री सविस्तर लिहितो.

बॅटरीवाला_पुसद

राम राम. माह्यं शिक्षण दहावी, पण शिशाचं नाव निघालं म्हनून लिहून रायलो. पंचवीस वर्ष झाले ट्रॅक्टरच्या अन् इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या भरतो. दररोज दोन चार सेल उघडून पाहतो, एक प्लेट राखडी रंगाची, नुसतं शिसं, अन् एक तांबूस चॉकलेटी. हायड्रोमीटर टाकून ग्रॅव्हिटी पाहाची, मीटर लावलं तं चांगल्या सेलले दोन व्होल्टच्या थोडं वर भेटते. हे दोन व्होल्ट येते कुठून हे मले कोनी सांगितलं नाई. शिशातला इलेक्ट्रॉन एवढा पयते म्हनता, तं त्याचा या व्होल्टशी काही संबंध असन का?

वरुडची_संत्री

दादा, तुम्ही जे विचारलं त्यावर २०११ मधे उप्साला आणि हेलसिंकीच्या लोकांनी पेपर लिहिला आहे! त्यांनी लेड-ॲसिड सेलचं गणित दोनदा केलं, एकदा सापेक्षतेसह, एकदा तिला वगळून. तुमच्या मीटरवर जे २.१ व्होल्ट दिसतात त्यातले १.७ ते १.८ व्होल्ट निव्वळ सापेक्षतेमुळे आहेत. आणि यात मोठा वाटा आहे तुमच्या त्या चॉकलेटी प्लेटचा, म्हणजे लेड डायऑक्साईडचा. त्यात शिशाची ६एस कक्षा खाली ओढलेली असते, ती इलेक्ट्रॉन घ्यायला टपलेली असते. शिशाच्या बरोबर वर सारणीत कथील आहे, त्याची अशी बॅटरी होत नाही, कारण ५० व्या क्रमांकावर हा परिणाम फार कमी. सहा सेल धरा, तुमच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतले दहा व्होल्ट आईन्स्टाईनचे.

बॅटरीवाला_पुसद

बाप्पा. हे मी आज दुकानात सगळ्याईले सांगतो. पंचवीस वर्षांत या प्लेटेकडं असं पाहिलंच नवतं मी.

निवृत्त_हेडमास्तर_वाशीम

छान चाललं आहे, वाचतोय. पण एक गोष्ट आधीच वेगळी करून ठेवू, नाहीतर मुलांच्या डोक्यात गोंधळ व्हायचा. सोन्याचा रंग, पारा, बॅटरी हे सगळं सापेक्षतेचं खातं, त्याला सापेक्षता धरून इलेक्ट्रॉनचं वागणं सांगणारं डिरॅकचं १९२८ चं समीकरण पुरतं. सरांनी विचारलेलं क्यूईडीचं खातं याच्या पुढचं. डिरॅकच्या समीकरणात इलेक्ट्रॉन आणि केंद्रक यांच्यामधली जागा साफ रिकामी धरलेली आहे. ती तशी रिकामी नाही, इथून क्यूईडी सुरू होतं. वरुडकर, मी बरोबर बोलतोय ना?

वरुडची_संत्री

शंभर टक्के बरोबर सर, आणि हे आधी स्पष्ट केलंत ते फार बरं झालं.

सुरुवात हायड्रोजनपासूनच करतो. डिरॅकच्या हिशोबानं हायड्रोजनच्या २एस आणि २पी या दोन पातळ्या, २पी मधली खालची धरा, तंतोतंत एका उंचीवर असायला हव्या. १९४७ मधे विलिस लॅम्ब आणि रॉबर्ट रदरफर्ड यांनी (हा दुसरा रदरफर्ड, अणुकेंद्रकवाला नाही, स्पेलिंगही वेगळं) त्या मोजल्या. युद्धात रडारसाठी मायक्रोवेव्हचं जे तंत्र तयार झालं होतं तेच वापरलं. २एस वर निघाली, सुमारे १०५८ मेगाहर्ट्झनं. एवढासा फरक, पण समीकरण म्हणतं शून्य आणि निसर्ग म्हणतो शून्य नाही. त्याच जूनमधे शेल्टर आयलंडच्या परिषदेत यावर चर्चा झाली आणि हान्स बेथे परतीच्या ट्रेनमधे बसून याचा पहिला हिशोब करून मोकळे झाले. मला हा प्रसंग फार आवडतो. लॅम्बला १९५५ चं नोबेल मिळालं, आणि हे शास्त्र पक्कं बांधणाऱ्या फाईनमन, श्विंगर आणि टोमोनागा यांना १९६५ चं.

आता कारण. निर्वातातसुद्धा विद्युतचुंबकीय क्षेत्र कधी पूर्ण शांत नसतं, ते शून्याभोवती सारखं थरथरतं. त्या थरथरीत इलेक्ट्रॉनही सापडतो, एका बिंदूवर स्थिर न राहता जागच्या जागी डुगडुगतो. मे महिन्यातली विहीर डोळ्यासमोर आणा, पाणी आटलेलं, तळाशी अगदी मधात एक खोल खड्डा अन् त्यात थोडं पाणी. दोर स्थिर असला तर पोहरा नेमका खड्ड्यात बुडतो. दोर हलत असला तर पोहरा कधी काठावर आदळतो, कधी खड्ड्यात, सरासरीनं कमी खोल जातो. केंद्रकाजवळचं आकर्षण त्या खड्ड्यासारखं टोकदार आहे. डुगडुगणाऱ्या इलेक्ट्रॉनला ते टोक पूर्ण मिळत नाही, त्यामुळे तो थोडा कमी बांधला जातो, पातळी वर सरकते. याला स्वऊर्जा म्हणतात. एस इलेक्ट्रॉन केंद्रकापर्यंत पोचतो म्हणून त्याला हे लागतं, पी इलेक्ट्रॉन त्या खड्ड्याकडे फारसा फिरकतच नाही म्हणून त्याला जवळपास नाही. म्हणून २एस वर गेली आणि २पी तिथंच राहिली.

हे दोघांपैकी एक झालं. दुसरं आहे निर्वात ध्रुवीकरण, व्हॅक्युम पोलरायझेशन, आणि ते याच्या उलट्या दिशेनं काम करतं.

तूर_हरभरा

वरुडचे भाऊ, मी रातच्यानं वावरात बसून वाचून रायलो. आमच्याकडं थ्री फेज रातच्यालेच राहते, हरभऱ्याले ओलीत सुरू हाय, मोटर चालू करून धुऱ्यावर बसाचं अन् मोबाईल पाहाचा. विहीरीचं समजलं, लय चांगलं समजलं. पन रिकामी जागा थरथरते म्हंजे काय ते मनाले पटत नाई. रिकाम्यात काहीच नसते म्हनून तं त्याले रिकामं म्हनतो आपन. जे नाईच ते हलन कसं?

वरुडची_संत्री

दादा, हा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि सगळ्यात योग्य. आपण रिकामं म्हणतो तेव्हा माती, हवा, अणू काहीच नाही असं म्हणतो. पण क्षेत्र ही काही काढून बाहेर फेकता येणारी वस्तू नाही, ते सगळीकडे असतंच, जास्तीत जास्त ते शांत करता येतं. आणि क्वांटमचा नियम असा की अगदी पूर्ण शांत ते होऊच शकत नाही. जसं गावात माणूस नसला, ढोर नसलं, वारा पडलेला असला तरी तळ्याचं पाणी अगदी काचेसारखं कधीच नसावं, तसं. कमीत कमी जेवढी हालचाल उरते तिलाच आपण निर्वात म्हणतो.

ध्रुवीकरण असं: जोरदार विद्युतभाराच्या आसपास या निर्वातात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या (इलेक्ट्रॉनचाच धन भाराचा जुळा) जोड्या क्षणभर उमटतात आणि विरतात. केंद्रक धन, म्हणून जोडीतला इलेक्ट्रॉन जरा आत ओढला जातो, पॉझिट्रॉन जरा बाहेर ढकलला जातो. त्यानं केंद्रकाभोवती एक पडदा तयार होतो आणि लांबून बघणाऱ्याला केंद्रकाचा भार खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

तूर_हरभरा

म्हंजे शेकोटीसारखं का? आता इथंच चार जन बसले हायेत शेकोटीभवती, घोंगड्या पांघरून. मी पाच पावलं मांगं हाय तं मले आच कमी लागते, काहून का मधात हे लोकं. उठून त्याइच्या मधात घुसलो तं पुरी आच भेटते.

वरुडची_संत्री

दादा, मी इतकी वर्षं हे शिकवतोय, याच्याहून नेमकं उदाहरण मला सुचलं नाही. हेच. फक्त एक जोड द्या, की ही माणसं शेकोटीनंच बोलावलेली आहेत, जाळ मोठा झाला की भोवतालची गर्दीही वाढते. आणि त्या गर्दीची जाडी साधारण ३८६ फेम्टोमीटर, मीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाच्या अर्ध्याहून कमी. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन याच्या शेकडो पट लांब बसतो, त्याला सहसा पडद्याबाहेरूनच आच मिळते, म्हणून लॅम्बच्या १०५८ मधे या परिणामाचा वाटा फक्त उणे २७ मेगाहर्ट्झ. पण युरेनियमचा १एस इलेक्ट्रॉन आवळून आवळून त्या गर्दीपाशी येऊन बसलेला असतो. त्याला जास्त आच, म्हणजे जास्त आकर्षण, म्हणजे पातळी खाली. स्वऊर्जा वर ढकलते, ध्रुवीकरण खाली ओढतं.

बीएस्सी_थर्ड_इयर_उमरखेड

मी पण वाचतेय सगळं. पुस्तकात होतं की ही दुरुस्ती अणुक्रमांकाच्या चौथ्या घातानं वाढते, म्हणून मी वहीवर करून बघितलं. हायड्रोजनच्या १एस चा लॅम्ब शिफ्ट, म्हणजे पातळीची ती सरक, ८१७२ मेगाहर्ट्झ, म्हणजे ०.००००३४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. ९२ चा चौथा घात ७ कोटी १६ लाख. गुणाकार केला तर युरेनियमला २४०० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर येतंय. हे बरोबर आहे का? एवढं मोठं असतं?

वरुडची_संत्री

गुणाकार बरोबर आहे, आणि स्वतः करून बघितलंस हे मला सगळ्यात जास्त आवडलं. पण उत्तर जवळपास नऊ पट मोठं आलं, आणि का आलं तेच या विषयाचं मर्म आहे, जरा नीट वाच.

चौथ्या घाताबरोबर आणखी एक गुणक असतो, त्यात लॉगरिदम लपलेला आहे. हायड्रोजनच्या स्वऊर्जेत तो १०.३ आहे, युरेनियमला येईपर्यंत १.५ वर उतरतो. शिवाय हलक्या अणूत आपण अणुक्रमांक भागिले १३७ ही संख्या लहान धरतो, तिचा एक घात, दोन घात, तीन घात असं पायरीपायरीनं उत्तर सुधारत जातो, कारण पुढची पायरी आधीच्यापेक्षा बारकी. युरेनियमला ती संख्या ०.६७. पायऱ्या बारीक व्हायच्या नावच घेत नाहीत. तिथं ही वाट सोडून द्यावी लागते आणि केंद्रकाचं पूर्ण आकर्षण एकदम धरून, सगळे घात एकत्र, कॉम्प्युटरवर सोडवावं लागतं. पीटर मोहर आणि गेरहार्ड झॉफ यांनी यात आयुष्य घातलं.

खरे आकडे असे. युरेनियमचे ९१ इलेक्ट्रॉन काढून टाकले आणि एकच ठेवला, तर त्याची १एस बंधनऊर्जा सुमारे १ लाख ३२ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट. स्वऊर्जा अधिक ३५५, ध्रुवीकरण उणे ८९ (दोन्ही मिळून क्यूईडीचे २६६, तुझ्या २४०० च्या साधारण नवव्या भागाइतके), आणि केंद्रक बिंदू नसून त्याला आकार आहे म्हणून अधिक १९९. बेरीज ४६४ च्या आसपास. जर्मनीत डार्मस्टाटच्या जीएसआय प्रयोगशाळेत असं युरेनियम रिंगमधे फिरवून त्याचा एक्सरे मोजला, २००५ मधे उत्तर छापलं: ४६०, चुकीची शक्यता पाचच्या आत. म्हणजे इतक्या तीव्र क्षेत्रातही क्यूईडी टिकते. आणि लॅम्बच्या हायड्रोजनमधे जी गोष्ट रडारच्या मायक्रोवेव्हनं पकडावी लागली ती इथं शेकडो इलेक्ट्रॉन व्होल्टांत उभी आहे.

मूर्तिजापूर_लाईन

दोन दिवस गावी नव्हतो, आत्ता सगळं सलग वाचलं. विहीर आणि शेकोटी दोन्ही वर्गात नेतोय, तूर_हरभरा भाऊ, तुमची परवानगी गृहीत धरली. पण एक शंका. ओगॅनेसनवर हे कोणी मोजलं आहे का? आणि केमिस्ट्री तर बाहेरच्या इलेक्ट्रॉनची असते, आतल्या १एस ले काही झालं तर केमिस्ट्रीले काय फरक पडते?

वरुडची_संत्री

सर, ओगॅनेसनवर असं काही मोजलेलं नाही. कॅलिफोर्नियमवर कॅल्शियम-४८ आदळून रशियातल्या दुबनामधे त्याचे जे अणू मिळाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि एकेक अणू मिलिसेकंदही धड टिकत नाही. जे आहे ते गणितच. पण ज्या गणितावर विश्वास ठेवायचा ते युरेनियमवर तपासलेलं आहे.

बाहेरच्या इलेक्ट्रॉनबद्दल: बाहेरचा एस इलेक्ट्रॉनही अधूनमधून केंद्रकापर्यंत डोकावतोच, त्यामुळे त्यालाही थोडा फटका बसतो. हेलसिंकीचे पेक्का प्युक्को यांनी दाखवलं की जड अणूत बाहेरच्या एस इलेक्ट्रॉनवर सापेक्षतेचा जेवढा परिणाम, त्याच्या साधारण एक टक्का क्यूईडीचा, आणि उलट दिशेनं. सापेक्षतेनं आवळलं, क्यूईडीनं तसूभर सैल सोडलं. ताई, तुमच्या सोन्यात हे दिसलं आहे. सोन्याचा एक इलेक्ट्रॉन काढायला ९.२२५६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात हे प्रयोगानं पक्कं माहीत होतं, पण गणित कितीही नीट केलं तरी थोडं हुकायचं. २०१७ मधे इलेक्ट्रॉनांचे आपसातले संबंध फार बारकाईनं घेतले, वर क्यूईडीही धरली, तेव्हा फरक मिली-इलेक्ट्रॉन व्होल्टवर आला.

आणि ओगॅनेसनमधे तर एक टक्क्याच्याही पुढची गंमत आहे. तो निष्क्रिय वायूंच्या रांगेत बसतो, हेलियम, निऑन, आर्गॉनच्या खाली. या रांगेतल्या कोणालाच जास्तीचा इलेक्ट्रॉन नको असतो. सापेक्षतेमुळे ओगॅनेसनची ८एस जागा इतकी खाली येते की तो एक इलेक्ट्रॉन अगदी हलकेच पकडून ठेवू शकतो, पकड फक्त ०.०६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. क्यूईडी धरली की ही पकड ९ टक्क्यांनी ढिली होते, हे २००३ च्या हिशोबात निघालं. निर्वाताच्या थरथरीनं एखाद्या अणूच्या केमिस्ट्रीचा नऊ टक्के भाग हलावा, हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी लॅबमधून चालत होस्टेलला आलो होतो, बसमधे बसवलं नाही मला. नंतरचे हिशोब तर असंही सांगतात की हा 'वायू' आपल्या खोलीच्या तापमानाला घट्ट असेल.

निवृत्त_हेडमास्तर_वाशीम

आता पोरीच्या मूळ प्रश्नाकडे या, इलेक्ट्रॉनला लिमिट आहे का. आमच्या काळी ऐकलेलं, १३७ ला टेबल संपतं. वेग क्रमांक भागिले १३७, म्हणजे १३७ ला प्रकाशाचा वेग, त्यापुढे जाता येत नाही. पुष्कळ जण त्या १३७ व्या मूलद्रव्याला फाईनमनच्या नावानं ओळखतात.

वरुडची_संत्री

सर, तसं सांगितलं जातं, पण ते केंद्रकाला बिंदू धरलं तर. बिंदू धरला की डिरॅकच्या सूत्रात १३७ च्या पुढे वर्गमुळाखाली ऋण संख्या येते आणि उत्तरच राहत नाही. पण खरं केंद्रक बिंदू नाही, त्याला आकार आहे, आत शिरलं की आकर्षण अनंत वाढत नाही. हे १९४५ मधेच पोमेरांचुक आणि स्मोरोडिन्स्की यांनी मांडलं. आकार धरला की १३७ ला काहीच घडत नाही, १एस शांतपणे अजून खोल जात राहते.

खरी जागा १७० च्या थोडं पुढे आहे, बहुतेक हिशोब १७३ म्हणतात. तिथं १एस ची बंधनऊर्जा इलेक्ट्रॉनच्या वस्तुमान-ऊर्जेच्या दुप्पट होते, १० लाख २२ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट. एवढ्या ऊर्जेत निर्वातातून एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन तयार होऊ शकतो. म्हणजे १एस ची जागा रिकामी असेल तर निर्वात स्वतःहून इलेक्ट्रॉन काढून ती भरेल आणि पॉझिट्रॉन बाहेर फेकेल. क्षणभर उमटून विरणारी जोडी तिथं विरणार नाही.

बीएस्सी_थर्ड_इयर_उमरखेड

पण मग स्वऊर्जा वर ढकलते ना? ती चौथ्या घातानं वाढतेय, तर १७० ला ती एवढी मोठी होऊन १एस ला खाली जाण्यापासून अडवणार नाही का?

वरुडची_संत्री

हा प्रश्न १९७० च्या दशकात लोकांना खरंच पडला होता! १९८२ मधे झॉफ, म्युलर, ग्राईनर मंडळींनी हिशोब केला: १७० ला स्वऊर्जा सुमारे ११ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट. दिसायला प्रचंड, पण दहा लाखांपुढे एक टक्का. आणि ध्रुवीकरण जवळपास तेवढंच, उलट दिशेनं. दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. १एस ला कोणी अडवत नाही.

लोणार_काठचा

१७३ चं केंद्रक तर कोणाकडं नाही, मग हे तपासायचं कसं?

वरुडची_संत्री

दोन युरेनियम एकमेकांवर आदळायचे. ९२ आणि ९२, १८४. क्षणभर दोन केंद्रकं इतकी जवळ येतात की इलेक्ट्रॉनला ते एकच १८४ चं केंद्रक वाटतं. जीएसआयमधे १९८० च्या दशकात हेच केलं आणि पॉझिट्रॉनच्या टोकदार रेषा दिसल्याचं जाहीर झालं, मोठी खळबळ. पण ९० च्या दशकात अमेरिकेत आर्गोन नावाच्या प्रयोगशाळेतल्या प्रयोगात त्या मिळाल्या नाहीत. अडचण ही की केंद्रकं जवळ असतात ती सेकंदाच्या एकावर एकवीस शून्यं इतक्या भागापुरती, तेवढ्यात निर्वाताला इलेक्ट्रॉन काढायला वेळच पुरत नाही. तो पॉझिट्रॉन अजून कोणी पाहिलेला नाही.

तर पोरीला सांगा: हो, आतल्या इलेक्ट्रॉनला १७३ च्या आसपास एक उंबरठा आहे. पण तो टेबलाचा शेवट नव्हे, तिथून पुढे अणू वेगळा वागेल एवढंच. प्युक्कोंनी २०११ मधे १७२ पर्यंतची सारणी मांडून ठेवलेली आहे. सध्या तर ११९ सुद्धा बनलेलं नाही. ११८ च्या पुढे कॅल्शियमचा मारा चालत नाही, तेवढं जड टार्गेट पुरेसं मिळतच नाही, म्हणून अमेरिकेत बर्कलेमधे २०२४ ला टायटॅनियम-५० चा मारा करून लिव्हरमोरियमचे दोन अणू मिळवून बघितले.

मूर्तिजापूर_लाईन

आज सोमवार, तास झाला. विहीर फळ्यावर काढली, पोहऱ्याचा दोर वाकडातिकडा. शेकोटी सांगितली तेव्हा वर्ग एकदम शांत. १७३ ऐकल्यावर ती पोरगी तक्त्याजवळ गेली, ओगॅनेसनच्या खाली भिंतीवर बोटानं मोजत मोजत गेली, आठवी ओळ कुठवर येईल ते बघायला, आणि तक्त्याच्या खाली चुन्याच्या भिंतीवर पेन्सिलनं बारीक १७३ लिहिलं. मी पुसलं नाही.

मग म्हणते, "सर, शिशाच्या बॅटरीत पण हा क्यूईडीचा एक टक्का असन ना?" वरुडकर, मी हो म्हटलं, सापेक्षतेच्या पावणेदोन व्होल्टांच्या मानानं शंभरावा हिस्सा असन असा अंदाज सांगितला. चुकलं असन तर आत्ताच सांगा.

वरुडची_संत्री

अंदाज म्हणून अगदी योग्य सर. शिशाच्या ६एस ला तोच एक टक्क्याचा नियम लागू, म्हणजे एका सेलमागे साधारण व्होल्टचा पन्नासावा-साठावा हिस्सा. वर्गात तेवढं पुरे.

बॅटरीवाला_पुसद

सर, गुरुवारी दिग्रसले माल घेऊन येनं हाय. एक भंगारातली ट्रॅक्टरची बॅटरी उघडून दोन्ही प्लेटा आनतो, ॲसिड पुरं काढून, सोडा टाकून दोनदा धुऊन. एक चालू सेल अन् मीटर पन आनतो, पोट्ट्याईले सोताच्या हातानं २.१ पाहू द्या. साडेअकरा जमन का?

मूर्तिजापूर_लाईन

जमन. फाटकाशी मी उभा राहतो.